सोलापूरहून नग्गरला: एकाच चित्रकाराचं डोंगरातलं संग्रहालय नीट कसं बघावं

मनालीच्या बहुतेक पॅकेजमध्ये नग्गर असतंच. कार्यक्रमात एक ओळ असते: नग्गर कॅसल आणि रोरिक आर्ट गॅलरी. गाडी थांबते, ड्रायव्हर म्हणतो "आधे घंटे में आ जाना", मंडळी चढ चढून धापा टाकत आत जातात, खोल्यांतून एक चक्कर मारतात आणि बाहेर येऊन चहा घेता घेता म्हणतात, "सगळी डोंगराचीच चित्रं आहेत की हो." तक्रार खोटी नाही. चित्रं डोंगराचीच आहेत. पण अर्ध्या तासात ती एकसारखीच दिसणार, त्याला इलाज नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. त्यामुळे सुट्टीत हिमाचलला निघालेले ओळखीचे लोक हमखास विचारतात की नग्गरला थांबावं का. थांबा, आणि मुक्कामालाच थांबा. ते कसं जमवायचं ते पुढे लिहितो.

निघण्याआधी एवढं माहीत असू द्या

निकोलस रोरिक हा रशियन चित्रकार. जन्म १८७४ सालचा, सेंट पीटर्सबर्गचा. कायद्याचा आणि चित्रकलेचा अभ्यास त्याने एकाच वेळी केला. पुरातत्त्वाचा नाद होता, रंगमंचाचे पडदे आणि पोशाखही तो करायचा. १९१३ साली पॅरिसमध्ये स्त्राविन्स्की या संगीतकाराच्या ज्या बॅलेच्या पहिल्याच प्रयोगाला गोंधळ झाला, त्याचं नेपथ्य रोरिकचंच. रशियन क्रांतीनंतर तो देशाबाहेर राहिला, अमेरिकेत गेला आणि १९२३च्या डिसेंबरात भारतात उतरला.

त्यानंतरचा प्रवास वाचून ठेवा, चित्रं बघताना उपयोगी पडतो. १९२५ ते १९२८ या काळात बायको हेलेना आणि थोरला मुलगा युरी यांना घेऊन तो लडाख, सिंकियांग, अल्ताई, मंगोलिया, तिबेट असा मध्य आशियाभर फिरला. तिबेटच्या पठारावर अधिकाऱ्यांनी तांडा अडवला. ऐन हिवाळ्यात, उन्हाळी तंबूंत, जवळजवळ पाच महिने. माणसं दगावली, जनावरं तर कितीतरी मेली. हा माणूस हौसेखातर थंड हवेच्या ठिकाणी जाऊन डोंगर रंगवणारा नव्हता. १९२८च्या अखेरीस हे कुटुंब कुलूच्या खोऱ्यात, नग्गरला स्थिरावलं आणि १३ डिसेंबर १९४७ ला रोरिक तिथेच वारला. राहतं घर तेच आज संग्रहालय आहे.

धाकटा मुलगा स्व्येतोस्लाव हाही चित्रकार. त्याने लग्न केलं ते बॉम्बे टॉकीजच्या देविका राणीशी, १९४५ मध्ये. दादासाहेब फाळके पुरस्काराची पहिली मानकरी तीच. बरोबर कोणी सिनेमावेडे काका-मामा असतील, तर त्यांना चढ चढायला लावण्यासाठी एवढी माहिती पुरते.

आणखी एक गोष्ट. भारत सरकारने ज्या नऊ चित्रकारांची चित्रं राष्ट्रीय कलाठेवा मानून देशाबाहेर विकायला बंदी घातली आहे, त्यांत राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, नंदलाल बोस यांच्याबरोबर रोरिकचं नाव आहे. नऊजणांतला परदेशी जन्मलेला, परदेशी आईबापांचा असा हा एकटाच. (अमृता शेरगिल बुडापेस्टला जन्मली खरी, पण तिचे वडील पंजाबचे.)

गूढविद्या, शंभाला हे दंतकथेतलं राज्य, अग्नियोग ही हेलेनाची आध्यात्मिक शिकवण, हा सगळा भाग रोरिकभोवती भरपूर आहे आणि तिथल्या पुस्तकांच्या टेबलावरही दिसेल. ज्याला गोडी आहे त्याने जरूर वाचावं. चित्रं बघायला त्याची गरज पडत नाही, असं माझं मत आहे.

कधी जायचं

सोलापूरकर एप्रिल-मे मध्येच पळायला बघतो, ते साहजिकच आहे. इथे पारा त्रेचाळीसला टेकलेला असतो. पण मे-जूनमध्ये अर्धा उत्तर भारतही मनालीलाच आलेला असतो. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात जमलं तर सफरचंदाचा मोहोर मिळतो, पण तेव्हा शाळेच्या परीक्षा असतात. मुलं मोठी होऊन बाहेर पडली असतील तर ही वेळ उत्तम.

मला विचाराल तर ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर. दिवाळीची सुट्टी साधारण त्याच सुमारास येते. पावसाने हवा धुतलेली असते, त्यामुळे लांबच्या बर्फाच्या रांगा स्वच्छ दिसतात, आणि या संग्रहालयासाठी समोरचा डोंगर दिसणं फार महत्त्वाचं. का ते पुढे येईलच. कुलूचा दसरा मात्र लक्षात ठेवा. आपला दसरा संपतो त्या दिवशी त्यांचा सुरू होतो आणि आठवडाभर चालतो. खोऱ्यातले देव पालख्यांतून ढालपूर मैदानावर येतात. बघण्यासारखा सोहळा आहे, पण त्या दिवसांत बस आणि खोल्या मिळणं मुश्किल.

जुलै-ऑगस्ट टाळाच. २०२३ च्या जुलैमध्ये बियास नदीने त्या रस्त्याची काय गत केली ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. डिसेंबर ते फेब्रुवारी बर्फ. घसरड्या चढावर गुडघ्यांची परीक्षा होते.

कसं पोहोचायचं

सगळ्यात सोपं म्हणजे कर्नाटक एक्सप्रेस. सोलापुरात बसायचं, दुसऱ्या दिवशी नवी दिल्ली. मध्ये कुठे बदलायला नको. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीच्या सुट्टीसाठी त्याच दिवशी सकाळी मोबाईल हातात घेऊन बसा. वेळ वाचवायचा असेल तर हुतात्मा एक्सप्रेसने पुणे आणि तिथून विमानाने दिल्ली. कुलूजवळ भुंतरलाही विमानतळ आहे, पण छोटी विमानं, बेभरवशाची हवा. त्यावर सगळा बेत टांगू नका.

नवी दिल्ली स्टेशनवरून मेट्रोच्या पिवळ्या मार्गाने काश्मिरी गेट. तिथल्या बसस्थानकावरून संध्याकाळी हिमाचल परिवहनच्या मनालीच्या व्होल्वो सुटतात. रात्रभराचा प्रवास. ज्यांना घाटात मळमळतं त्यांनी पुढची सीट घ्यावी आणि रात्री हलकं खावं. ढाब्यावर पराठे चापून बसलेला माणूस मंडीच्या पुढे शेजाऱ्याला त्रास देतो.

महत्त्वाची सूचना: मनालीपर्यंत जाऊ नका. मनालीच्या अलीकडे पतलीकुहल नावाचं गाव लागतं, तिथे उतरा. कंडक्टरला तिकीट काढतानाच सांगून ठेवा आणि पहाटे एकदा आठवण करा. पतलीकुहलहून बियास ओलांडून पलीकडच्या काठावर वर चढलं की पाच-सहा किलोमीटरवर नग्गर. टॅक्सी मिळते, लोकल बसही आहे. आपल्या सोलापुरी हिंदीला ड्रायव्हर गालातल्या गालात हसेल, पण भाडं ठरवताना ती बरोबर कामाला येते.

मुक्काम नग्गरलाच

मनालीहून नग्गर वीसेक किलोमीटर, म्हणून लोक मनालीला राहून येऊन-जाऊन करतात. तसं केलं की संध्याकाळ आणि सकाळ दोन्ही हातची जातात, आणि रोरिकची चित्रं बहुतेक याच दोन वेळांची आहेत. नग्गरला होम-स्टे आहेत, छोटी हॉटेलं आहेत. खिसा परवानगी देत असेल तर नग्गर कॅसलमध्येच हिमाचल पर्यटन महामंडळाचं हॉटेल आहे. खोली घेताना एकच विचारायचं: खोरं दिसतं का? टीव्ही, गीझर नंतर. (गीझर मात्र विचाराच.)

उंची साधारण १,८०० मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा बऱ्यापैकी वर. विरळ हवेचा त्रास सहसा कोणाला होत नाही. थंडी मात्र सूर्य डोंगराआड गेला की एकदम अंगावर येते. सोलापुरी चादर बरोबर न्या, पण ती रेल्वेसाठी. नग्गरच्या रात्रीला तिचा निभाव लागत नाही. स्वेटर, कानटोपी, जाड मोजे.

पहिला दिवस: गॅलरीत जायचं नाही

हे ऐकून लोक तोंडाकडे बघतात. एवढं लांब येऊन?

पहिल्या दिवशी अंघोळ करा, जेवा, झोप काढा. दुपारी चारच्या पुढे कॅसलच्या सज्जात किंवा जिथून खोरं मोकळं दिसतं अशा कुठल्याही जागी जाऊन बसा. खाली बियास, पलीकडच्या काठावर डोंगरांच्या एकामागे एक रांगा, उत्तरेला रोहतांगच्या बाजूचं बर्फ. बसून फक्त रंग बघा. ऊन असताना जवळचा डोंगर हिरवा-तपकिरी दिसतो, मागचा निळसर. सूर्य कलला की हिरवा आधी जातो. मग रांगा सपाट होत जातात, त्यांच्यावरची झाडं, घळी, खाचखळगे पुसले जातात आणि कागद कापून एकापुढे एक लावल्यासारख्या नुसत्या कडा उरतात. बर्फ आधी पिवळट, मग गुलाबी होतं. गुलाबी गेल्यावर मिनिटभर ते विझल्यासारखं राखाडी दिसतं आणि मग जांभळट निळ्यात जातं. हे सगळं अर्ध्या-पाऊण तासात उरकतं.

बरोबर मुलं असतील तर त्यांना वही द्या. चित्र काढायला सांगू नका, दर पाच मिनिटांनी समोर दिसतील ते रंग फक्त लिहायला सांगा. मोबाईलवर फोटो काढलेत तरी चालेल, पण कॅमेरा त्या निळ्याचा हमखास विचका करतो. डोळ्यांवर विश्वास ठेवा.

दुसरा दिवस: गॅलरी

सोमवारी गॅलरी बंद असते, तेव्हा बेत आखतानाच वार बघा. दुपारी जेवणाची सुट्टी असते आणि संध्याकाळची वेळ ऋतूप्रमाणे बदलते. आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या आणि सकाळी उघडताच पोहोचा. पॅकेजच्या गाड्या मनालीहून यायला वेळ लागतो, तेवढ्यात गॅलरी तुमची.

कॅसलपासून गॅलरीपर्यंतचा रस्ता चढाचा, पण फार लांब नाही. देवदाराच्या सावलीतून जातो. तरण्याताठ्यांनी चालावं, आजी-आजोबांसाठी टॅक्सी थेट फाटकापर्यंत जाते. तिकीट माफक आहे. सुटे पैसे ठेवा, डोंगरात रेंज रुसली की यूपीआयही रुसतं. गॅलरीच्या आत फोटो काढायला मनाई आहे. बरंच आहे, माणसं चित्रांकडे पाठ करून उभी राहत नाहीत.

घर दोन मजली, दगड-लाकडाचं. चित्रं खालच्या मजल्यावर आहेत. आत शिरल्यावर पहिला अनुभव बहुधा निराशेचा येतो: खोल्या लहान, चित्रंही मोठी नाहीत. रोरिकने आयुष्यात सुमारे सात हजार चित्रं केली असं सांगतात. ती न्यूयॉर्क, मॉस्को आणि जगभर पांगली आहेत. इथे त्यांतली मूठभर आहेत. हीच या जागेची सोय. एका सकाळीत सगळी बघून होतात.

कशी बघायची? आधी एकदा न थांबता सगळ्या खोल्यांतून फिरून या. मग तीन चित्रं निवडा, तीनच. प्रत्येकापुढे पाच-पाच मिनिटं थांबा. आधी चार-पाच फुटांवरून, मग जवळून.

जवळून बघाल तेव्हा पृष्ठभागाकडे लक्ष द्या. तैलरंगाची चकाकी तिथे नाही. रोरिक बहुतेक टेंपेरात काम करायचा, म्हणजे रंगाची भुकटी तेलाऐवजी अंड्याच्या बलकात किंवा सरसासारख्या चिकट द्रवात कालवलेली. असा रंग लवकर वाळतो, कोरडा आणि मखमली दिसतो, उजेड फेकत नाही. शाळेतले पोस्टर कलर आठवा, साधारण त्याच घराण्यातला. तैलरंगात दोन छटा ओल्या असतानाच एकमेकींत मिसळता येतात. टेंपेरात ते अवघड, म्हणून रंगाचा एक सपाट पट्टा, त्याला चिकटून दुसरा, अशी रचना होत जाते. आता कालची संध्याकाळ आठवा. सूर्य गेल्यावर रांगा जशा सपाट झाल्या होत्या, त्यासाठी याहून चांगलं माध्यम सापडलं नसतं. लोक म्हणतात त्याचे रंग भडक, मनचे. आदली संध्याकाळ बघून आलेला माणूस तसं म्हणत नाही.

मग चित्राच्या तळाशी बघा. पुष्कळदा तिथे बोटाच्या पेराएवढं काहीतरी असतं. एखादा घोडेस्वार, बसलेला साधू, स्तूप, गोंपा (बौद्ध मठ). वरचा तीन-चतुर्थांश भाग डोंगर आणि आकाश. ती लहानशी आकृती बोटाने झाकून बघा (लांबून, चित्राला हात न लावता). डोंगर ताबडतोब लहान होतो. उंची दाखवायची ही त्याची युक्ती आहे, आणि मुलांना ती मोठ्यांआधी कळते.

एवढं झाल्यावर बाहेर अंगणात या, दहा मिनिटं समोर बघा, आणि पुन्हा आत जा. तिकिटाच्या खिडकीवर "परत येतो" म्हणून सांगून ठेवलं तर बरं. नाहीच सोडलं तर दुसरं तिकीट काढा. इथवर यायला जो खर्च झाला त्यापुढे ते काहीच नाही.

घर आणि आवार

वरच्या मजल्यावर राहत्या खोल्या आहेत. आत जाता येत नाही. बाहेरच्या लाकडी सज्जातून फिरत काचेतून बघायचं. टेबल, पुस्तकं, खुर्च्या जशाच्या तशा. १९४२ मध्ये नेहरू आणि इंदिरा इथे येऊन राहिले होते. खाली गॅरेजमध्ये कुटुंबाची जुनी मोटार आहे, मुलं तिथून हलत नाहीत.

घरासमोर मोठ्या देवदाराखाली दगडी मूर्ती मांडलेल्या आहेत. त्यांतला घोडेस्वार म्हणजे गुगा चौहान, सापांपासून राखणारा लोकदेव. आपल्याकडच्या वेशीबाहेरच्या वीरगळांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. रोरिकने या मूर्ती चित्रांतही आणल्या आहेत, गॅलरीत शोधा.

तिथून पायऱ्या उतरून खाली गेलं की समाधी. रोरिकचं दहन इथेच झालं, तिथे एक मोठा दगड उभा केलाय आणि त्यावर हिंदीत लिहिलंय. भारताचा मित्र म्हणून त्याचा गौरव आहे. त्याच्या मृत्यूनंतर हेलेना आणि युरी इथून निघाले, परत रशियाला जायच्या आशेवर काही काळ आपल्या खंडाळ्यात राहिले आणि शेवटी कलिंपोंगला गेले. आपला सोलापूरचा डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये १९४२ साली वारला, त्याची समाधी तिकडे आणि घराचं स्मारक इकडे. ते स्मारक पाहिलेल्या माणसाला या दगडापाशी जरा जास्त वेळ थांबावंसं वाटतं. परत वर चढायचं आहे हे लक्षात ठेवा, गुडघे दुखणाऱ्यांनी वरूनच नमस्कार करावा.

घरापासून आणखी वर चढलं की उरुस्वती, १९२८ मध्ये रोरिक कुटुंबाने काढलेली हिमालय संशोधन संस्था. वनस्पती, औषधी, भाषा, पुरातत्त्व असा पसारा होता. थोरला युरी तिबेटी भाषेचा मोठा अभ्यासक, त्याचं काम इथूनच चाले. आता तिथे लोककलेचं संग्रहालय आहे. दम असेल तर जा, रस्ता फार छान आहे.

फाटकाच्या आसपास पांढऱ्यावर लाल वर्तुळ आणि आत तीन ठिपके असं चिन्ह दिसेल. तो शांतिध्वज. युद्धात संग्रहालयं, देवळं, शाळा, ग्रंथालयं यांच्यावर हल्ला होऊ नये, यासाठी रोरिकने करार घडवून आणला. १५ एप्रिल १९३५ ला वॉशिंग्टनमध्ये त्यावर अमेरिका खंडातल्या देशांनी सह्या केल्या. जखमींसाठी जसा रेड क्रॉस, तसा कलेसाठी हा ध्वज.

दुपारी कॅसल, जेवण वगैरे

नग्गर ही कुलूच्या राजांची जुनी राजधानी. कॅसलच्या भिंती नीट बघा: दगडाचा एक थर, देवदाराच्या तुळयांचा एक थर, मध्ये चुना-सिमेंट काही नाही. काठकुणी म्हणतात. १९०५च्या कांगडा भूकंपात आजूबाजूचं बरंच पडलं, हा वाडा उभा राहिला. जवळच त्रिपुरसुंदरीचं पॅगोड्यासारखं देऊळ आहे.

जेवायला राजमा-चावल सगळीकडे. सिड्डू मिळाला तर सोडू नका, आत अक्रोड किंवा खसखशीचं सारण भरून वाफवलेली जाड भाकरी, वर तूप. तिखटाची सवय असलेल्यांनी शेंगाचटणीची पुडी जवळ ठेवावी, सिड्डूबरोबर ती झकास लागते. कडक भाकऱ्या नेल्यात तर दिल्लीपर्यंतच्या प्रवासातच संपतील.

संध्याकाळी पुन्हा कालच्याच जागी बसा.

ज्यांना एवढं लांब जमणार नाही

घरात म्हातारी माणसं आहेत, रजा मिळत नाही, थंडी सोसत नाही, अशांनी उद्यान एक्सप्रेसने बेंगळुरू गाठावं. सोलापूरहून एका रात्रीचा प्रवास. तिथल्या कर्नाटक चित्रकला परिषदेत निकोलस आणि स्व्येतोस्लाव, दोघांचीही चित्रं आहेत. देविका राणी आणि स्व्येतोस्लाव यांचं पुढचं आयुष्य बेंगळुरूजवळच्या तातगुणीच्या मळ्यात गेलं, त्यामुळे हा संग्रह तिथे आला. समोर डोंगर नाही, म्हणून संध्याकाळ मात्र आपली आपणच आधी कुठेतरी बघून जायची. पन्हाळा, महाबळेश्वर, तेही जमलं नाही तर पावसाळ्यानंतरची तुळजापूरच्या घाटातली चालेल.